धनेशाचं राखीव झाड

एका जंगलात, आफ्रिकेतल्या काँगो नदीच्या काठी, एक धनेश पक्षी राहायचा. पुढे जे झालं त्यात सगळी चूक त्याचीच. मुलांनो, त्यानं मोठ्या माणसांवर, आपलं, मोठ्या प्राण्यांवर विश्वास ठेवला.

धनेशांची एक रीत असते. अंडी घालायची वेळ झाली की धनेशीण झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून ढोलीचं तोंड चिखलानं लिंपून घेते. चोचीपुरती फट ठेवते. चिखल वाळून दगड होतो. आत तिची पिसं गळतात. मग पिल्लं मोठी होईपर्यंत नवऱ्यानं फटीतून भरवायचं. त्यानं नाही भरवलं, तर संपलं.

तर ढोलीत धनेशीण होती, दोन पिल्लं होती, आणि हत्तीआजोबांचा भाचा एकेक झाड पाडत तिकडेच येत होता.

हत्तीआजोबा वनरक्षण समितीचे अध्यक्ष. झाडं पाडायचा ठेका भाच्याकडे. घरातलं घरात.

धनेश आजोबांकडे गेला. "आजोबा, तेवढं माझं झाड सोडायला सांगा ना."

"सोडायचं काय त्यात? राखीवच करून टाकू!"

आजोबांना तसंही एक झाड हवंच होतं. समुद्रापलीकडून करकोचेसाहेब पाहणीला यायचे होते. दाखवायला जंगलात काहीतरी उभं नको?

धनेशानं आजोबांचे पाय धरले. चारही.

दुसऱ्या दिवशी तो चोचीत उंबरं घेऊन आला, तर फांदीवर पहारेकरी गरुड.

"मागे व्हा, धनेशराव. झाड राखीव आहे."

"माहितेय की! माझ्यासाठीच केलंय."

"तुमच्यासाठी नाही. तुमच्यापासून."

"अरे, बायको आहे आत!"

"पटतंय हो. पण मला पटवून घ्यायला नाही बसवलेलं इथं."

फटीतून धनेशीण म्हणाली, "अहो, कुणाशी गप्पा मारताय? पोरं भुकेनं ओरडतायत."

धनेश तसाच आजोबांकडे उडाला. आजोबांनी समिती बोलावली. समितीत सगळे जुनेजाणते. झाडावर चढता येणारा एक नाही.

"झाडात कोण राहतं? झाड राहतं," पाणघोडा म्हणाला.

"आमचा जन्म चिखलात गेला," मगरआजी म्हणाली. "आम्ही केली का कधी तक्रार?"

ठराव झाला: ढोलीत कुणी नाही. एकमतानं.

धनेश पुन्हा पुन्हा फटीकडे झेपावला. शेवटी गरुडानं त्याचा पंख फाडला.

करकोचेसाहेब आले. झाडाखाली उभे राहिले. आतून टकटक येत होती.

"हा कसला आवाज?"

"झाड जिवंत आहे, साहेब," आजोबा म्हणाले.

साहेबांचे डोळे भरून आले.

"ती माझी बायको आहे!" धनेश जमिनीवरून ओरडला.

"हा इथला स्थानिक पक्षी," आजोबा म्हणाले. "झाडावर फार जीव आहे त्याचा."

साहेबांनी धनेशाकडे बघून कौतुकानं मान डोलावली. झाडतोड आटोक्यात आणल्याबद्दल त्यांनी आजोबांना आणखी एक जंगल सांभाळायला दिलं. भाचा लगेच तिकडे रवाना झाला.

मग टकटक थांबली.

झाड छान आहे. धनेशाची बायको गेली. दोन्ही पिल्लं गेली.

तात्पर्य: झाडे लावा, झाडे जगवा. फक्त त्यांत राहू नका.