पहिल्या ओळीतलं नाव

शनिवारी सकाळी नऊच्या ठोक्याला डेस्मंड कीलीच्या दारात एकोणीस पुरुष, तीन पिकअप आणि घोडे न्यायची एक भलीमोठी गाडी येऊन उभी राहिली. तेव्हा तो पायजम्यावर होता आणि त्याच्या हातात 'जुन्या टॅक्सच्या फायली' असं लिहिलेलं खोकं होतं.

खोक्यात फायली नव्हत्या. खोक्यात कॉफीचं यंत्र होतं. बारा वाजता सासूसासरे पहिल्यांदाच त्यांच्या घरी जेवायला येणार होते, आणि त्यांच्या मॉर्मन पंथात कॉफीला कोणी शिवत नाही. बायकोची, म्हणजे ब्रिनलीची, हरकत नव्हती. "पी बापडा, पण बाबांसमोर नको," एवढंच ती म्हणायची. हे बाबा म्हणजे आर्विड हॉगन. उंची सहा फूट चार इंच, बोलणं वर्षाला साधारण चाळीस वाक्यं! डेस्मंड पडला फिलाडेल्फियाचा कॅथलिक. लग्नाला दीड वर्ष झालं तरी सासऱ्यांना हाक काय मारायची हे त्याला ठरवता आलं नव्हतं, म्हणून तो आधी खोकायचा आणि मग बोलायचा. आज मात्र आर्विडनी आपल्याला घरचं म्हणायलाच हवं, असा त्याने चंग बांधला होता.

"काय ब्रदर कीली, तयार ना?" ब्रदर ऑलरेडने हातमोजे चढवत विचारलं. हा गडी चर्चच्या मदतीच्या कामांचा नवा प्रमुख, आणि उत्साहाने नुसता फसफसत होता. "स्मिथफिल्डलाच न्यायचंय ना सगळं? ते पिवळं घर?"

डेस्मंडला काहीएक कळलं नाही. पण ब्रिनलीने त्याला एक नियम घालून दिला होता. मागच्या महिन्यात त्याने मोठ्या प्रेमाने चर्चमध्ये दोन डझन डोनट नेले, आणि नेमका तो सगळ्यांच्या उपासाचा रविवार निघाला. वर "अहो, कोणीच कसं घेत नाही?" असं तीनतीनदा विचारलंही. "यापुढे प्रश्न बंद," ब्रिनलीने बजावलं होतं. "लोक करतील ते बघायचं आणि हसत हसत तेच करायचं."

म्हणून तो हसत हसत म्हणाला, "हो हो, पिवळंच!"

आणि मग जे काही सुरू झालं! दोघांनी सोफा उचलला, चौघांनी फ्रिज. तळघरात अडीअडचणीसाठी साठवलेल्या गव्हाच्या बादल्या हातोहात वर आल्या. वर्षातून एकदा घर रिकामं करून झाडायची यांची रीत असेल, असं समजून डेस्मंडनेही स्वतःचा पलंग स्वतःच गाडीत चढवला. मागे वळून पाहतो तो टॅक्सचं खोकंही गायब! पन्नास मिनिटांत घर ओकंबोकं झालं. जाता जाता कोणीतरी भिंतीतली खिळ्यांची भोकंसुद्धा बुजवली. शेजारच्या बाईंनी केळ्याचा केक त्याच्या हातात ठेवला आणि डोळे पुसले. "तुमची फार आठवण येईल हो!"

तेव्हा कुठे डेस्मंडला कळलं, की ही झाडलोट नव्हती.

सकाळीच आईवडिलांना आणायला गेलेली ब्रिनली तासभर आधीच, अकरा वाजता, त्यांना आणि हिरव्या जेलीच्या भांड्याला घेऊन आत आली. रिकाम्या खोलीत नवरा जमिनीवर बसून केक खात होता.

"डेस्मंड! घर कुठंय आपलं?"

"स्मिथफिल्डला."

"गेल्या रविवारी चर्चमध्ये तू कशावर सही केलीस?"

"एक कागद फिरत होता गं! मदतीला येणाऱ्यांनी नावं लिहायची होती. मी पहिलाच होतो, म्हणून पहिल्या ओळीत नाव टाकलं. पत्ता मागितला होता, तोही दिला."

"अरे, पहिली ओळ घर बदलणाऱ्यांची असते! घर तर पेटिंगिल लोक बदलतायत, ते तिकडे सकाळपासून खोक्यांवर बसून असतील!"

ब्रिनलीने ऑलरेडला फोन लावला. बाराच्या आत सगळी वरात परत आली. ऑलरेड लाजून लालेलाल झाला होता, पण हसू कोणालाच आवरेना. आर्विडनी बाह्या सरसावल्या आणि गाडीतून पहिलंच खोकं उचललं.

तेच खोकं.

ते दारात थांबले. त्यांनी खोकं नाकाशी नेलं.

"तुझ्या टॅक्सला वास बरा येतो रे," आर्विड म्हणाले.

डेस्मंड खोकला. मग पुन्हा खोकला.

"आमचं घर तर पियानोसकट पार प्रोव्होला पोचलं होतं," आर्विड म्हणाले. "मीही पहिल्याच ओळीत सही केली होती."

"बाबा! हे कधी बोलला नाहीत!" ब्रिनली म्हणाली.

"तुझ्या आईने शपथ घातली होती. लग्नानंतर चार वर्षं मी मॉर्मन नव्हतो, लुथरनच होतो. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायचो आणि सासऱ्यांसमोर खोकायचो."

डेस्मंडने बायकोकडे पाहिलं. "तुझे बाबा बाहेरून आलेत, हे मला सांगायचंस तरी!"

"तू विचारलंस कुठे?"

"विचारू नको असं कोणी सांगितलं होतं?"

आर्विडनी खिशातून पेन काढलं. खोक्यावरच्या 'टॅक्स'वर सरळ रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'जावयाची कॉफी. जपून.' मग खोकं स्वयंपाकघरात नेऊन ओट्यावर, अगदी खिडकीशी ठेवलं.

"चल," ते म्हणाले. "पेटिंगिल वाट बघत असतील. पलंगाची एक बाजू तू धर."

"आलो, बाबा," डेस्मंड म्हणाला. न खोकता.