तबकडीची पुढची बाजू

आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या, आदल्या दिवशी रत्नाकररावांनी घरातली सगळी यंत्रं पुसायला काढली. मिक्सर, इस्त्री, शिलाई मशीन आणि अर्थातच स्कूटर. मूळचा साताऱ्याचा हा माणूस, पण बंगळुरात वीस वर्षं सरकारी कारखान्यात इंजिनिअरकी केल्यावर आयुधपूजेच्या बाबतीत तो इथल्या लोकांच्याही चार पावलं पुढे गेला होता. पूजेला मांडलेलं यंत्र आतून-बाहेरून स्वच्छ हवं, असा त्यांचा हट्ट. यातला ‘आतून’ हा शब्द बाकीचे लोक फारसा मनावर घेत नाहीत. रत्नाकररावांनी घेतला.

यंदा पूजेला कॉम्प्युटर होता. बाहेरून तो दाढीच्या जुन्या ब्रशने झाडून झाला. मग आतून स्वच्छता म्हणून रत्नाकररावांनी हार्ड डिस्क पार पुसून सगळं नव्याने घालायचं ठरवलं. त्याआधी कामाच्या गोष्टी त्यांनी फ्लॉपीवर काढून ठेवल्या. ऑफिसचे तक्ते, सोसायटीचे अर्ज आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे सासऱ्यांचं गाणं. पडद्यावरचं गाण्याचं चित्र उचलून त्यांनी फ्लॉपीत टाकलं. ते डोळ्याचं पातं लवायच्या आत गेलंसुद्धा. टेलिफोनच्या तारेतून घरी यायला ज्या गाण्याला दोन संध्याकाळी लागल्या, ते फ्लॉपीत इतक्या झटक्यात कसं शिरलं, हा प्रश्न इंजिनिअर माणसाला पडायला हवा होता. पण काम पटकन झालं की घाईतल्या माणसाला संशय येत नाही, स्वतःचं कौतुक वाटतं.

या गाण्याची गोष्ट अशी. रत्नाकररावांचे सासरे गुंडूराव म्हणजे चिक्कपेटेतले जुने मराठी कापडवाले. गाण्याचं भारी वेड. तरुणपणी एका कंपनीने हौशी गायकांची एक तबकडी काढली, तिच्या एका बाजूवर गुंडूराव आणि दुसऱ्या बाजूवर धारवाडचा कुणी एक गृहस्थ. “पुढच्या बाजूला मी, हं! धारवाडवाला मागं,” हे गुंडूराव दर रविवारी जावयाच्या घरी येऊन त्याला ऐकवत. तबकडी केव्हाच फुटली होती, त्यामुळे गुंडूराव ते गाणं प्रत्यक्ष गाऊन दाखवत. गाण्याआधी एक ठराविक खाकरा काढत, मग पुन्हा एक, थोडा बारीक. दुसरा खाकरा ऐकला की रत्नाकरराव उठत आणि म्हणत, “तुमचं चालू द्या, मी जरा स्कूटर पुसून येतो.” पंधरा वर्षं दर रविवारी पुसल्यामुळे त्यांच्या बनशंकरी भागात तेवढी चकचकीत स्कूटर दुसरी नव्हती.

दोन वर्षांपूर्वी गुंडूराव गेले आणि सासूबाई, सरस्वतीबाई, लेकीकडे राहायला आल्या. रविवारी स्कूटर पुसायची गरज उरली नाही. मग रत्नाकररावांना फार लागलं. म्हाताऱ्याचं एक गाणं आपण बसून ऐकलं नाही, हे त्यांना दर रविवारी चहा पिताना आठवे. त्यामुळे या वर्षी इंटरनेटवर अमेरिकेतल्या चंद्रकांत नावाच्या एका निवृत्त गृहस्थांची जुन्या तबकड्यांतली गाणी विकणारी यादी सापडली आणि तिच्यात ‘हौशी गायक, बंगळूर व धारवाड, बाजू एक, बाजू दोन’ असं दिसलं, तेव्हा त्यांनी खुर्चीतच उडी मारली. तिकडे राहणाऱ्या मेव्हण्याच्या, सुहासच्या कार्डावर त्यांनी बाजू एक विकत घेतली. मागच्या बाजूच्या धारवाडकराशी आपलं काय देणंघेणं?

तेव्हापासून सरस्वतीबाई रोज सकाळी दहा वाजता कॉम्प्युटरसमोर बसत. प्रतिमा, म्हणजे रत्नाकररावांची बायको, गाणं लावून देई. सरस्वतीबाई डोळे मिटून ऐकत. रविवारी रत्नाकरराव स्वतः लावत आणि गाणं चालू असताना सासूबाईंच्या चेहऱ्याकडे बघत. आपलं पाप थोडं थोडं फिटतंय, असं त्यांना वाटे.

पूजेच्या दिवशी कॉम्प्युटरला झेंडूचा हार पडला, पडद्यावर गंध-कुंकू लागलं, दारात कोहळा फुटला. पूजेला मांडलेलं यंत्र त्या दिवशी चालवायचं नाही, म्हणून ते तसंच राहिलं. दसऱ्याला दहा वाजता सरस्वतीबाई येऊन बसल्या. रत्नाकररावांनी हार बाजूला करून फ्लॉपी घातली. फ्लॉपी कुरकुरली आणि पडद्यावर पाटी आली की असं काही इथे नाही.

रत्नाकररावांनी पाच वेळा प्रयत्न केला. सहाव्या वेळी त्यांना सगळं लख्ख उमगलं. फ्लॉपीत त्यांनी गाणं ठेवलंच नव्हतं, गाण्याकडे बोट दाखवणारं नुसतं चित्र ठेवलं होतं. गाणं हार्ड डिस्कवर होतं, आणि हार्ड डिस्क आतून स्वच्छ होती.

“आई,” ते कसंबसं म्हणाले, “गाणं गेलं. मीच पुसलं.”

“अय्यो, जाऊ दे हो रत्नाकरराव,” सरस्वतीबाई म्हणाल्या. “सणाच्या दिवशी येवढं तोंड नका पाडू. स्वल्प श्रीखंड घ्या.”

सासूबाईंचा हा मोठेपणा बघून रत्नाकररावांना जास्तच मेल्यासारखं झालं. श्रीखंडाला त्यांनी हातसुद्धा लावला नाही.

घरी इंटरनेट अजून नव्याने घातलं नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी ते ब्राउझिंग सेंटरमध्ये जाऊन बसले. खरेदीचा नंबर ज्या ई-मेलच्या पत्रात होता ते पत्र कॉम्प्युटरबरोबरच पुसलं गेलं होतं. टपालाचा पासवर्डही कॉम्प्युटरलाच पाठ होता, त्यांना नव्हता. म्हणून नवीन पत्ता काढून त्यांनी चंद्रकांतांना लिहिलं. उत्तर सभ्य होतं, पण चोख: ‘गाणं घेतलं सुहास यांनी, मागताय तुम्ही, पत्ता तिसराच. सुहास यांना लिहायला सांगा.’ सुहास नेमका पंधरा दिवस कुठेतरी फिरायला गेलेला. रत्नाकररावांनी पुन्हा काकुळतीने लिहिलं. तेव्हा चंद्रकांतांनी एक वाट दाखवली: ‘गाणं खरंच तुमच्याकडे होतं, तर ते कसं आहे ते चार ओळींत लिहा. तबकडी माझ्यासमोर आहे, मी ताडून बघतो.’

रत्नाकररावांनी कीबोर्डवर बोटं ठेवली आणि तशीच ठेवून बसले. गाणं कसं आहे? सुरुवात कशाने होते? तबला आहे की नाही? त्यांना एक अक्षर सांगता येईना. विकत घेतलेलं गाणंसुद्धा त्यांनी ऐकलं नव्हतं, ऐकणारीकडे बघितलं होतं.

घरी येऊन त्यांनी वही-पेन घेतलं. “आई, गाणं कसं होतं ते जरा सांगता? परत मागवायचंय.”

सरस्वतीबाईंनी लेकीकडे पाहिलं. “राहू दे की. कशाला त्रास?”

“त्रास कसला! चार ओळी सांगा फक्त.”

सरस्वतीबाईंनी पदर सारखा केला. मग डोळे मिटून सांगू लागल्या. “सुरुवातीला दोनदा खाकरतात. कंपनीवाल्यांनी ते काढायला सांगितलं होतं, पण ह्यांचं राहिलंच. पेटी स्वल्प मागं मागं येते. दुसऱ्या कडव्यात श्वास पुरत नाही, मग मधेच थांबून एकदम वरती जातात. शेवटी तबलेवाला आधी संपवतो आणि हे नंतर.”

रत्नाकररावांनी शब्द न् शब्द उतरवून पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आलं. त्यांनी ते छापून घरी आणलं आणि प्रतिमासमोर धरलं, कारण त्यांना ते स्वतः वाचून दाखवता येईना.

‘महाशय,’ चंद्रकांतांनी लिहिलं होतं, ‘वर्णन तंतोतंत बरोबर आहे, पण तुम्ही विकत घेतलेल्या गाण्याचं नाही. हे मागच्या बाजूचं गाणं. पुढच्या बाजूचे गायक खाकरत नाहीत, आणि श्वासही पुरवतात. तुमच्या घरात कुणाला तरी हे गाणं पाठ आहे, त्यांना माझा नमस्कार सांगा. दोन्ही बाजू पाठवत आहे.’

“म्हणजे इतके दिवस आई धारवाडवाल्याचं गाणं ऐकत होत्या?” रत्नाकरराव ओरडले.

“ओरडू नका,” प्रतिमा म्हणाली. “मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. आईनं माझा हात दाबला.”

“पण का?”

उत्तर सरस्वतीबाईंनी दिलं. “ह्यांनी जन्मभर सगळ्यांना सांगितलं, पुढच्या बाजूला मी. आता ते नाहीत, मी कशाला खोटं पाडू? आणि तुम्ही येवढ्या हौसेनं आणलंत.” त्या हसल्या. “धारवाडवाला वाईट नाही गात. त्याचं चालू असताना मी आपलं मनात ह्यांचं म्हणायची.”

“तुम्हाला दोघींना कळलं,” रत्नाकरराव खालच्या आवाजात म्हणाले. “पंधरा वर्षं ते इथे या खोलीत गात होते. मग मला कसं नाही कळलं?”

प्रतिमा उठून चहा ठेवायला गेली.

कॉम्प्युटरवर इंटरनेट पुन्हा घालायला, मोडेम जागेवर आणायला आणि मधे मधे येणारे टेलिफोन टाळत दुसरी बाजू उतरवून घ्यायला शनिवार संध्याकाळपर्यंत वेळ गेला. या वेळी रत्नाकररावांनी गाण्याचा आकार तीनदा तपासला. एका फ्लॉपीत ते मावणार नाही, हे त्यांना आता पाठ झालं होतं.

रविवारी दहा वाजता तिघं बसली. पडद्याच्या कडेला झेंडूची एक वाळकी पाकळी अजून चिकटलेली होती. रत्नाकररावांनी बटण दाबलं. आधी नुसती खरखर आली. मग एक खाकरा आला. मग दुसरा, थोडा बारीक.

आणि रत्नाकरराव उठले. त्यांना उठायचं नव्हतं. पाय आपले सवयीने उठले आणि दाराकडे निघाले, आणि हा आवाज आपण कुठेही ओळखला असता हे त्यांना तेव्हा, अर्ध्या खोलीत उभं असताना कळलं.

सरस्वतीबाईंनी डोळे उघडले नाहीत.

“स्कूटर पूजेला पुसलीय, रत्नाकरराव,” त्या म्हणाल्या. “बसा.”

रत्नाकरराव बसले. गाणं सव्वातीन मिनिटांचं होतं.