सरासरी शांतता

बोलबाईंच्या घरावरून विमानं जायला लागली ती पर्यावरणाच्या भल्यासाठी. हे आधीच सांगितलेलं बरं. पुढे जे घडलं त्यात बाकीच्यांनी बरंच काही सोडून दिलं, पण हा मुद्दा प्राधिकरणाने शेवटपर्यंत सोडला नाही.

पूर्वी विमानं तळ्याकाठच्या बंगल्यांवरून ये-जा करत. एका बंगल्यात जेवणावळीच्या वेळी कोणीतरी ही गोष्ट काढली. पाहुण्यांमध्ये ध्वनी व उत्सर्जन नियमन प्राधिकरणाचे अध्यक्ष होते. आमटीची वाटी खाली ठेवायच्या आत त्यांच्या लक्षात आलं की, तळ्यावरून जाताना विमानाला एक वळण जास्त घ्यावं लागतं. वळण म्हणजे इंधन, इंधन म्हणजे धूर. वळण रद्द झालं. सरळ रेषेत जी वसाहत आली, तिथल्या घराघरांत पत्रकं टाकली गेली : ‘अभिनंदन. आपली वसाहत आता हरित मार्गाखाली आहे.’

बोलबाई तोतरं बोलणाऱ्यांना बोलायला शिकवत. घराच्या पुढच्या खोलीत वर्ग चाले. चार खुर्च्या, एक आरसा आणि बाईंची वाट पाहण्याची अफाट तयारी, एवढंच त्या वर्गाचं भांडवल. समोरच्याचा शब्द अडकला की त्या तो स्वतः पुरा करत नसत, नजर काढून घेत नसत. शब्द येईपर्यंत थांबत.

त्यांच्याकडे एक सलूनवाला यायचा. चांगला कारागीर, पण गिऱ्हाइकाला ‘मिशी ठेवू का’ हे विचारता विचारता मिशी जायची. त्याचं खरं दुखणं वेगळं होतं. त्याच्या मुलीचं नाव अशा अक्षराने सुरू होत होतं की ते त्याच्या तोंडून आजवर एकदाही निघालं नव्हतं. नाव बायकोच्या माहेरच्यांनी ठेवलेलं, त्याला कोणी विचारलंच नव्हतं. तो तिला ‘बाळा’ म्हणायचा. बाळ आता कॉलेजात होती.

महिनोन् महिन्यांच्या मेहनतीनंतर एका सकाळी तो आरशासमोर बसला, श्वास घेतला आणि ते नाव म्हणाला. नेमकं तेव्हाच विमान आलं. खिडकीची तावदानं थरथरली, आरसा थरथरला, आरशातले ओठ हलताना दिसले. विमान गेल्यावर त्याने विचारलं, “न-नीट आलं का, बाई?”

बाईंना काही ऐकू आलं नव्हतं. आणि गंमत म्हणजे त्यालाही.

“परत म्हणा,” बाई म्हणाल्या. पण ते परत आलं नाही.

त्याच दिवशी बाईंनी तक्रार केली. त्यांचे यजमान नोंदणी कार्यालयातून निवृत्त झालेले. प्रत्येक वाक्य ‘सविनय’ने सुरू करायची त्यांना सवय होती, म्हणून वसाहतीत सगळे त्यांना सविनयकाका म्हणत. त्यांनी बायकोला सविनय समजावलं, “अगं, विमानं आकाशातून जातात. आकाश काही आपल्या सातबाऱ्यावर नाही.”

“कान तरी आहेत ना माझ्या नावावर?” बाई म्हणाल्या.

ध्वनिनिरीक्षक यंत्र घेऊन आले. अत्यंत सभ्य गृहस्थ. चप्पल दाराबाहेर काढली, पाणी मागून प्यायले, तिकाटण्यावर यंत्र मांडलं आणि मग खिशातून रबरी बोंडं काढून स्वतःच्या कानांत घातली.

“हे कशाला?” बाईंनी विचारलं. मग तेच हातवारे करून विचारलं.

“कर्मचारी सुरक्षा नियम,” निरीक्षक बोंडं काढून म्हणाले. “या भागात त्यांच्याशिवाय काम करायला आम्हाला मनाई आहे. कान कायमचे जाऊ शकतात.”

संध्याकाळपर्यंत मोजणी चालली. निरीक्षकांनी यंत्राची कळ दाबली, आकडा पाहिला आणि त्यांचा चेहरा खुलला. “बाई, तुमच्या घरात ग्रंथालयाइतकी शांतता आहे.”

त्या क्षणी एक विमान जात होतं, म्हणून हे त्यांना दोनदा सांगावं लागलं.

“असं बघा, विमान क्षणभर असतं, मग थोडा वेळ नसतं. असतं ते आणि नसतं ते, दोन्ही एकत्र केलं, त्यात पहाटेची वेळ मिळवली, भागाकार केला, की सरासरी निघते. कायदा सरासरीचा आहे.”

“अहो, पण मला सरासरी ऐकू येत नाही. विमान ऐकू येतं.”

“कान हे मान्यताप्राप्त उपकरण नाही,” निरीक्षक हळहळून म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं असावं, कारण जाताना त्यांनी बोंडांचा एक जादा जोड टेबलावर ठेवला. बाईंनी तो सविनयकाकांना दिला. काकांनी तो इतका नियमित वापरला की तेव्हापासून त्यांचं घरात कोणाशीच भांडण झालं नाही.

बाईंनी पुन्हा तक्रार केली, यावेळी धुराचीसुद्धा. दोरीवरचे कपडे काळवंडत होते. धुराच्या बाबतीत प्राधिकरणाने तत्काळ पावलं उचलली. विमानांच्या धुराची भरपाई म्हणून वसाहतीच्या मोकळ्या मैदानावर झाडं लावली. झाडं जोमाने वाढली. झाडांवर पक्षी आले. पक्षी विमानाच्या यंत्रात गेले तर अनर्थ होईल, म्हणून झाडं तोडली. बाईंनी विचारलं, मग भरपाईचं काय? उत्तर आलं की नियमात ‘लावलेली झाडं’ असा शब्द आहे, ‘असलेली झाडं’ असा नाही. शिवाय जागा मोकळी झाल्यामुळे पुढच्या वर्षी पुन्हा लावता येतील.

मग विमानं वाढली. सरासरी मर्यादेला टेकली. प्राधिकरण खडबडून जागं झालं, कारण मर्यादा ओलांडणं त्यांना मुळीच खपत नसे. वसाहतीतल्या एकूण आवाजाचा अभ्यास झाला. त्यात विमानांचा आवाज ‘अत्यावश्यक’ ठरला आणि रहिवाशांचा ‘टाळता येण्याजोगा’. साहजिकच टाळता येण्याजोगा आवाज टाळायचं ठरलं. मिक्सर आठवड्यातून एकदाच, तोही विमान वरून जात असताना. कुत्र्यांनी आलटून पालटून भुंकावं. लहान मुलांच्या रडण्याबाबत पालकांनी समजूतदारपणा दाखवावा.

आणि बोलबाईंचा वर्ग बंद करावा. वर्गात माणसं मुद्दाम, सरावाने, मोठ्याने बोलत होती. अभ्यासगटाच्या मते याहून टाळता येण्याजोगं काही वसाहतीत नव्हतं.

बाईंना पहिल्यांदाच भीती वाटली. त्या रात्री जेवताना त्यांनी काकांना विचारलं, “वर्ग बंद झाला तर मी काय करू?” काकांच्या कानात बोंडं होती. ते म्हणाले, “भाजी छान झालीय.”

आदेशाविरुद्ध दाद मागायची सोय होती. प्रकरण सुनावणीला लागलं. प्राधिकरणाचं कार्यालय विमानतळाला लागूनच, पण भिंतींना जाड अस्तर, खिडक्यांना तिहेरी काचा. बाहेर विमानं ढगात शिरत होती आणि आत अध्यक्षांच्या खुर्चीचं चाक कुरकुरलेलं ऐकू येत होतं. बाईंना क्षणभर वाटलं, इथे वर्ग घ्यायला काय मजा येईल.

साक्षीला त्यांनी सलूनवाल्याला आणलं होतं.

“विमानांमुळे तुमचं नेमकं काय नुकसान झालं?” अध्यक्षांनी विचारलं.

“म-म-माझा श-शब्द गेला, साहेब.”

“कोणता शब्द?”

सलूनवाल्याने बाईंकडे पाहिलं. बाईंनी नेहमीसारखी त्याच्यावर नजर ठेवली आणि थांबल्या. सदस्य घड्याळ बघू लागले. एकाने शब्द सुचवायला तोंड उघडलं, तेव्हा बाईंनी हात वर करून त्याला गप्प केलं. खोलीत कुठलाच आवाज नव्हता. सलूनवाल्याने श्वास घेतला आणि मुलीचं नाव म्हणाला. सबंध. न अडखळता. मग स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना म्हणून पुन्हा म्हणाला, आणि खाली बसून रुमालाने डोळे पुसू लागला.

“अतिशय स्पष्ट,” अध्यक्ष म्हणाले. “नोंद घ्या. शब्द गेलेला नाही. सर्वांसमक्ष मिळालेला आहे.”

“साहेब, तो इथल्या शांततेत मिळाला,” बाई म्हणाल्या. “तेच तर सांगतेय.”

“पण तयारी कुठे झाली? हरित मार्गाखाली. बाई, तुम्हाला तुमचं यश दिसत नाहीये. आम्हाला दिसतंय.”

निकाल बाईंच्या बाजूने लागला. वर्ग बंद करण्याचा आदेश मागे घेण्यात आला. विमानांच्या आवाजावर मात करण्याच्या प्रयत्नात वाणी सुधारते हे सिद्ध झाल्यामुळे बाईंच्या घराला ‘उच्चारसंवर्धन केंद्र’ असा दर्जा मिळाला, फाटकावर पाटी लागली, आणि या लाभापासून कोणी वंचित राहू नये म्हणून उड्डाणं वाढवण्यात आली.

सलूनवाल्याने त्या दिवशी घरी जाऊन मुलीला नावाने हाक मारली. मुलगी घाबरली. वडील रागावले की काय, असं तिला वाटलं. मग दोघं बराच वेळ हसत होते, असं त्याने नंतर बाईंना सांगितलं. पुढे तो आला नाही. त्याचं काम झालं होतं. बाकीचे एकेक करून यायचे थांबले, काम न होताच. त्यांच्यासाठी थांबायची बाईंची तयारी होती, पण विमानांची नव्हती.

वसाहतीने मोर्चा काढायचं ठरवलं. हे कळताच विमान कंपन्यांनी ‘बाधित नागरिक सवलत’ जाहीर केली. वसाहतीतल्या प्रत्येकाला तिकीट निम्म्या दरात. मोर्च्याच्या दिवशी कोणी समुद्रावर गेलं होतं, कोणी बर्फात. राहिलेल्यांना एवढ्याशा लोकांनी मोर्चा काढायची लाज वाटली. सवलतीमुळे गर्दी इतकी वाढली की आणखी विमानं सोडावी लागली. ‘रहिवाशांच्या मागणीवरून’ असं जाहीर झालं, आणि यात खोटं काढायला जागा नव्हती.

बाईंनी ती सवलत घेतली नाही. पुष्कळ दिवस घेतली नाही. मग त्यांची लेक दूरच्या शहरात बाळंत झाली. बाळ अशक्त होतं, लेक फोनवर रडत होती. “आई, तू ये ना लवकर.” आगगाडीने जायचं तर प्रवासच संपायचा नाही. बाईंनी तिकीट काढलं. तिकिटाच्या अर्जावर, धुराची भरपाई म्हणून झाड लावायच्या चौकोनात खूणसुद्धा केली.

विमानात त्यांना खिडकीजवळची जागा मिळाली. शेजारी एक सहप्रवासी होता. फार चांगला माणूस. पट्टा लावायला त्याने मदत केली, कान दुखू नयेत म्हणून पेपरमिंटची गोळी दिली, आजी झाल्याचं कळल्यावर मनापासून अभिनंदन केलं. विमान उडालं, वसाहतीवरून गेलं. तो बाईंच्या पुढून खिडकीकडे वाकून खाली बघत म्हणाला, “हे लोक इथे राहतात तरी कसे हो? घर घेताना यांना विमानतळ दिसला नसेल का?”

बाईंना खूप काही सांगता आलं असतं. घर विमानांच्या आधीचं होतं. पण तोंडात त्याने दिलेली गोळी होती, पायाशी नातीचं झबलं ठेवलेली पिशवी होती, आणि खाली घरं भराभर लहान होत होती.

“सवय होत असेल,” त्या म्हणाल्या.

त्याचं समाधान झालं. मागे टेकून त्याने पुन्हा पुस्तक उघडलं आणि गालातल्या गालात हसत वाचू लागला. बाईंनी कडेने पाहिलं. गोष्टींचं पुस्तक होतं, सरकारी कारभाराची टर उडवणाऱ्या. तुम्ही आत्ता वाचत आहात, तसलंच.