तिरप्या चौकोनाचा प्रश्न

फूटपट्टीचं म्हणणं एवढंच होतं की अंतर हे अंतर असतं. खेळ आहे म्हणून ते बदलत नाही. फूटपट्टी हे नाव त्याला मित्रांनी दिलेलं. इमारतींचे आराखडे काढून पोट भरणाऱ्या माणसाला याहून गोड नाव मिळणं कठीणच.

दर रविवारी दुपारी चौघं आपापल्या घरी संगणकासमोर बसत आणि एकमेकांशी बोलत एक खेळ खेळत. फूटपट्टी गोष्ट रचे आणि राक्षस सांभाळे. वकील त्या गोष्टीत चोर होई, दातांची डॉक्टर कुऱ्हाडवाला बुटका, आणि दूरच्या शहरात राहणारी फूटपट्टीची धाकटी बहीण धनुर्धारी. पडद्यावर चौकोनांचा नकाशा असे. एक चौकोन म्हणजे पाच फूट. कित्येक महिने गुंगारा देणारा ड्रॅगन आज गुहेत सापडला होता.

तो आजच मारायचा होता. बहिणीला नवी नोकरी लागली होती आणि तिथे रविवारची सुट्टी नव्हती. एरवी या भावाबहिणीचं बोलणं ‘जेवलास का?’ आणि ‘बरं, ठेवते’ यांच्या मध्येच आटपे. जे काही हसणं-भांडणं व्हायचं ते या नकाशावर. म्हणून शेवटची लढाई अगदी निर्दोष व्हावी असं फूटपट्टीने मनावर घेतलं. घात तिथेच झाला.

“दादा, मी एक घर तिरपी पुढे जाते आणि बाण सोडते.”

“थांब. तिरपं गेल्यावर पाच फूट कसे होतील? सात पॉइंट झिरो सात होतात.”

त्याने खेळाच्या प्रोग्रॅमची सेटिंग्ज उघडून आपल्या चौघांपुरता ‘घरचा नियम क्रमांक एक’ नोंदवला. प्रोग्रॅमने तो निमूटपणे स्वीकारला. शहाणपणाच्या चार गोष्टी सांगण्याची सोय त्यात नव्हती.

“मग माझ्या बुटक्याचं काय?” डॉक्टर म्हणाली. “त्याचे पाय आखूड आहेत. त्याला सवलत हवी.”

मागणी रास्त होती. बुटक्याचा चौकोन चार फुटांचा झाला.

“हा उघड पक्षपात आहे,” वकील म्हणाला. “माझा चोर चालताना चौकोन तीन फुटांचा धरावा आणि त्याच्यावर हल्ला होताना आठ फुटांचा.”

“अरे, असं कसं?”

“मग कारण दाखवून नाकार.”

फूटपट्टीला कारण सापडेना. हाही नियम मंजूर झाला. मग गुहेच्या चढाचा विचार झाला. पुढे ड्रॅगनची बाजू ऐकून न घेता अंतर ठरवणं अन्यायाचं आहे असं निघालं, आणि ड्रॅगनचं वकीलपत्रही वकिलानेच घेतलं. शेवटी बुटक्यापासून ड्रॅगन चाळीस फुटांवर आला आणि ड्रॅगनपासून बुटका साठ फुटांवर गेला. कुणाला कुणापर्यंत पोचता येईना, पण प्रत्येकाचं माप चोख होतं. इतका न्याय त्या गुहेत पूर्वी कधी झाला नव्हता.

“दादा, सोडू का बाण?”

“एक मिनिट गं. तुझा बाण फूटभर कमी पडतोय. नाकापर्यंत मोजायचं की शेपटीपर्यंत, तेवढं ठरू दे.”

“मला निघायचंय रे आता.” ती म्हणाली. “मला त्या ड्रॅगनचं काही पडलेलं नाही. मी तुझ्याशी बोलायला यायचे.”

“हो, हो, बोलू ना. नाकापर्यंतच धरू या, काय?”

पडद्यावरची तिची खिडकी बंद झाली.

“गैरहजर खेळाडूचा चौकोन किती फुटांचा, यावर आपला नियमच नाही,” वकील खाकरून म्हणाला.

तिला लगेच फोन करावा, हे फूटपट्टीला कळत होतं. हात मात्र सेटिंग्जकडे गेला.

त्याला हसणं सोपं आहे. पण सात पॉइंट झिरो सात बरोबर की चूक, हे मघाशी तुम्हीही मनातल्या मनात ताडून पाहिलंत. तिला नोकरी कसली लागली, हे तुम्हीही विचारलं नाहीत.