आप्पांच्या घरचं बाळंतपण

"मिक्सर बंद कर! आमच्या घरात पोटुशी आहे!"

समोरच्या गॅलरीतून आप्पा ओरडले तेव्हा मी चटणी वाटत होते. पोटुशी? यांना ना मुलगी, ना सून. बायकोचे, सुमनवहिनींचे, केस तर केव्हाच पांढरे झालेले. मी तरातरा त्यांच्या घरात शिरले. आप्पांनी काचेच्या टाकीकडे बोट दाखवलं. टाकीच्या तळाशी बोटभर लांबीची एक मिशाळ कॅटफिश वाळू हुंगत फिरत होती, पोट फुगलेलं, मागे दोन बारके नर. टाकीला साडीच्या कटपीसचा पडदा, नजर लागू नये म्हणून.

"आप्पा, मासा आहे तो!"

"तुले काय समजस व माय!"

तुम्ही काहीही बोला, आप्पांचं उत्तर हेच. माणूस खानदेशातून सुरतेला आला आणि जन्मभर कापडाच्या लूमच्या कारखान्यात राबला. त्या खडखडाटात बोलून बोलून आवाज असा झालाय की यांनी कुजबुज केली तरी आमच्या नवागामच्या पुढच्या गल्लीत कळतं. झोपलेल्या बाळापाशी "शांतता ठेवा" म्हणतात आणि बाळ दचकून उठतं.

आमच्या सोसायटीत बाळंतपण हे खातं आप्पांचं. बाकीचे पुरुष अशा विषयाला लाजून बाहेर सटकतात, हे मात्र सगळ्यांच्या पुढे. कोणाला दिवस गेलेत म्हटलं की नळावर उभे राहून सूचना सुरू. जड उचलू नको, थंड पाण्यात हात घालू नको, पपईकडे बघूसुद्धा नको. डिंक कुठे चांगला मिळतो, अळीव कुठे निवडलेले मिळतात, सगळं तोंडपाठ. बायका पदराआड हसतात, पण डिंक त्यांनाच आणायला सांगतात. आप्पांना स्वतःला मूल नाही. झालं नाही. त्यावर गल्लीत जे बोलायचं ते लोक कधीच बोलून मोकळे झालेत.

तर ही कॅटफिश. आप्पांनी तिला टाकी साफ ठेवते म्हणून आणलेली. दुकानदार सहज बोलून गेला की काका, ही अंडी देईल हां. संपलं! त्या दिवसापासून आप्पांनी तिला पहिलटकरीण ठरवलं आणि तिचं सगळं रीतीप्रमाणे करायला घेतलं.

आमच्या सुरतेत पंख्याखाली बसून घाम निथळतो, आणि यांनी टाकीत हीटर सोडला. बाहेरून गोधडी गुंडाळली. पाणी बदलायचं ते कोमट करून. एके दिवशी धूर दिसला म्हणून मी धावत गेले, तर आप्पा टाकीला ओव्याची धुरी देत बसलेले! मी कपाळावर हात मारून घेतला.

मासळी मात्र अंडी देईना. आप्पा दुकानात विचारायला गेले तर दुकानदार म्हणाला, "काका, ठंडु पाणी नाखो!" झालं, आप्पा तणतणत परत. "पोटुशीला थंड पाणी! दुकानदार आहे का कसाई?" त्या दुकानाचं तोंड बघायचं नाही, असं त्यांनी सगळ्या गल्लीला ऐकवलं.

हळूहळू तिनं खाणं सोडलं. सारखी वर येऊन हवा गिळायची आणि खाली जाऊन निपचित पडायची. आप्पांचंही जेवण सुटलं. "ही जाईल का गं?" त्यांनी मला विचारलं.

मी आणि सुमनवहिनी तिथेच बसून मजुरीवर आणलेल्या साड्यांना खडे चिकटवत होतो. वहिनी म्हणजे दिवसभरात मोजकं बोलणारी बाई. त्या उठल्या. हीटरची पिन ओढली, गोधडी फेकली, आणि माठातलं पाणी तांब्यातांब्याने टाकीत ओतायला लागल्या.

"अगं, मारतेस का तिला!" आप्पा किंचाळले.

वहिनींचा हात थांबला नाही. "जन्मभर मला गरमच पाजलंत. काढे, चाटणं, ज्यानं जे सांगितलं ते. आतून भाजून निघाले मी. हिला तरी सोडा."

आप्पांनी उठून माठ भरून आणला आणि वहिनींच्या शेजारी ठेवला, बस.

सकाळी मी दात घासत होते तर आप्पांची हाक. गेले. काय सांगू तुम्हाला! ती पठ्ठी टाकीभर उधळलेली, दोन्ही नर तिच्या मागे. मध्येच एका नराच्या कुशीला तोंड लावून थबकायची, पोटाखालच्या दोन पंखांची ओंजळ करून त्यात अंडं धरायची, मग काच तोंडानं साफ करायची आणि अंडं चिकटवून मोकळी.

"अगं बाई, ही तर खडे लावते!" मी ओरडले. वहिनी खुदकन हसल्या.

तेवढ्यात एक नर वळला आणि त्यानं एक अंडं गिळलं. मग आईनंही. आप्पांनी डोकं धरलं. वहिनींनी त्यांना त्याच दुकानात पिटाळलं. ते पडेल चेहऱ्यानं बुरशीवरच्या निळ्या औषधाची बाटली घेऊन आले. "अंडी वेगळी काढा म्हणतो. सव्वा महिना व्हायच्या आत लेकरं आईपासून तोडायची? असं कुठं असतं का?"

"खाऊन टाकतात, दिसत नाही का?" वहिनी म्हणाल्या. खड्यांवर घासलेल्या त्या बोटानं एकेक अंडं अलगद सोडवून त्यांनी श्रीखंडाच्या डब्यात घेतलं. आप्पांनी हवेची नळी धरली, औषधाचे थेंब टाकले. पांढरी पडून वाया गेलेली अंडी वहिनी काढून टाकायच्या आणि प्रत्येक वेळी आप्पा दुसरीकडे बघायचे. रोज थोडी कमी होत होती. सगळीच गेली तर या दोघांच्या तोंडाकडे कसं बघायचं, या विचारानं मीच दिवसातून दहादा डब्यात डोकावून यायचे.

आणि मग एका दुपारी "फुटली! फुटली रे!" अशी आरोळी आली. लोकांना वाटलं सिलेंडर! सगळी सोसायटी गॅलरीत. डब्याच्या तळाशी शेपट्या हलवणारे, डोळे लुकलुकणारे बारीक जीव. आप्पांनी घरोघर पेढे वाटले.

माझ्या दारात मात्र ते घुटमळले. "एक काम करशील? बायकांना घेऊन ये. बघायला. सुमन सगळ्यांच्या बाळंतपणाला लाडू करते आणि माझ्या हाती पाठवते. स्वतः कोणाच्या दारात जात नाही. आपल्याकडे बघायला कोणी येतं, हे तिला एकदा दिसू दे."

मी काय मागे राहणार? हळदकुंकू, नारळ, बायकांची फौज घेऊन गेले. वहिनींची ओटी भरली. हसायला म्हणून आलेल्यासुद्धा डब्यावर वाकल्या. खालच्या घरातल्या जिजाआक्कांनी चष्मा सारखा केला आणि बाळाच्या घरी विचारतात तसंच विचारलं, "कोणावर गेलीत गं?"

वहिनींनी पदर सावरला. पिलांच्या तोंडाशी केसाहून बारीक मिशा फुटल्या होत्या.

"मिशा बापावर गेल्यात," त्या म्हणाल्या.

घर हसण्यानं दणाणलं. आप्पा चहाचा ट्रे घेऊन दारात उभे, ओठांवर ती झुबकेदार पांढरी मिशी. त्यांना कोणी बाप म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. हसता हसता माझे डोळे भरून आले.

"साखर राहिली वाटतं," आप्पा म्हणाले आणि भरलेले कप तसेच घेऊन आत वळले.