डिझेलसाठी हाडापेराची गाडी

सुषमा फक्त एवढंच म्हणाली होती, की पडवीतलं ते इंजिन जरा हलवा, साई आता रांगायला लागलाय.

एवढ्याशा वाक्यातून पुढं काय काय निघणार आहे हे तिला कळलं असतं, तर तिनं साईला रांगूच दिलं नसतं. (तशी ती देतही नव्हती. जमिनीवर जंतू असतात, असं बालसंगोपनाच्या पुस्तकात बाविसाव्या पानावर लिहिलं होतं.)

इंजिन डिझेलचं होतं. पूर्वी ते घोडनदीच्या काठावर बसून सासऱ्यांच्या, म्हणजे रखमाजी आबांच्या, कांद्याला पाणी पाजायचं. मग विजेची मोटर आली आणि इंजिन पडवीत येऊन बसलं, ते एखाद्या रुसलेल्या पाहुण्यासारखं. बोलत नव्हतं, पण जातही नव्हतं.

"हलवतो की," रविराज म्हणाला. "मोटारसायकलीत टाकतो."

"तुम्ही एकटे कसं नेणार? दोरीनं बांधा नीट. वाटेत पडलं तर?"

"न्यायचं न्हाई गं. गाडीतच टाकायचं. पेट्रोलचं इंजिन काढायचं, त्याच्या जागी हे. लिटरला ऐंशी देतंय का न्हाई बघ!"

सुषमाचा नवरा रांजणगावला कंपनीत मेंटेनन्सला होता. त्यामुळं जगातली कोणतीही वस्तू दुसऱ्या कोणत्याही वस्तूला वेल्ड करता येते, अशी त्याची श्रद्धा होती. घरातला पंखा त्यानं ट्रॅक्टरच्या बेअरिंगवर फिरवला होता. तो फिरायचा छान, फक्त बंद व्हायला पंधरा मिनिटं लागायची.

"कुठल्या गाडीत टाकणार?" सुषमानं विचारलं. उत्तर तिला माहीत होतं. घरात गाडी एकच होती.

"घरचीच हाय की."

आता ही घरची गाडी म्हणजे सुषमाच्या वडिलांनी लग्नात दिलेली. पण माहेरच्या प्रेमाचा मुद्दा नव्हता. मुद्दा साईचा होता. साई दहा महिन्यांचा. त्याला महिन्यातून दोनदा ताप यायचा (सुषमाच्या वहीनुसार चारदा, त्यातले दोन ताप फक्त सुषमाच्या हाताला लागायचे, थर्मामीटरला नाही). त्याचे डॉक्टर दौंडला. यष्टी दिवसातून तीनदा, तीही तिच्या मनात असेल तेव्हा. दारात चालू गाडी उभी असली, की सुषमाला झोप लागायची. नसली, की ती साईच्या कपाळावर हात ठेवून बसून राहायची.

"घरच्या गाडीला हात लावायचा नाही," ती म्हणाली. "दुसरी जुनी गाडी बघा. तिच्यात काय कोंबायचं ते कोंबा."

झालं. इंजिन हलवायला निघालेली सुषमा स्वतःच्या तोंडानं दुसरी मोटारसायकल घ्यायला सांगून बसली. (आरटीओ हा शब्द मात्र घरात कुणीही उच्चारला नाही.)

दौंडला चांगदेवचं जुन्या गाड्यांचं आवार होतं. रविवारी रविराज, सुषमा आणि साई घरच्या गाडीवर निघाले. आबा मागून माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपनं आले. आबांनी उमेदीची वर्षं मेंढरांमागं काढली होती. कळप मोडून शेती धरली त्याला तीस वर्षं झाली, पण खरेदी म्हटलं की त्यांचा जुना डोळा जागा व्हायचा.

आवारात पन्नास-साठ गाड्या ओळीनं उभ्या होत्या. काहींना चाक नाही, काहींना सीट नाही. रविराजनं आपली गाडी जागा बघून त्याच ओळीच्या टोकाला लावली.

"ही घ्या," चांगदेवनं एक चकचकीत शंभर सीसीची गाडी पुढं केली. "एका हाताची हाय. मास्तर वापरायचे."

सुषमाचं बारावी सायन्स होतं, मग डी.एड. आठवडाभर तिनं रविराजच्या कंपनीतलं एक मशीनचं पुस्तक साई झोपला की वाचून काढलं होतं. मुलाच्या बापाला एकट्याला या धंद्यात सोडणं तिला बरं वाटेना.

"हिचा गिअरबॉक्स कुठं आहे?" तिनं विचारलं.

चांगदेवनं तिच्याकडं, मग रविराजकडं, मग पुन्हा तिच्याकडं बघितलं. "इंजिनातच हाय की, वहिनी. एकाच खोक्यात."

"मग इंजिन काढलं की गिअरबॉक्सपण जाणार. डिझेलच्या इंजिनाला स्वतःचा गिअरबॉक्स नाही. मग गाडी एकाच गिअरवर चालवायची का?"

हा प्रश्न रविराजला पडलाच नव्हता. सुषमाला आतून जो काय आनंद झाला, तो तिनं साईचं टोपडं सारखं करण्यात लपवला. (टोपडं सारखंच होतं.)

दुसरी गाडी दाखवली, तिचंही तेच. तिसरीला गिअरबॉक्स वेगळा होता, पण आबा मध्ये आले. त्यांनी गाडीचं मागचं अंग दोन्ही हातांनी उचलून बघितलं, सीटखालचा पाइप अंगठ्यानं दाबत दाबत पुढं गेले आणि मान हलवली.

"कंबरंत मेलीय. वेल्डिंग केल्यालं हाय. भाराला बसंल."

"आबा, मेंढरू न्हाई ते," रविराज म्हणाला.

"म्हणून तर सोपं हाय. मेंढराचं पोट बघावं लागतं, दात बघावं लागत्यात. हिचं पोट तू काढूनच टाकणार. मग ऱ्हायलं काय? हाडं! हाडापेरानं मजबूत बघ, बास."

आणि ते बरोबर होतं.

आबांनी हाडं तपासत तपासत ओळ पार केली आणि एका जुन्या बुलेटपाशी थांबले. एका दूधवाल्याची होती. रंग गेलेला, पण सांगाडा असा, की त्याला चारी बाजूंनी कॅन बांधून माणसानं वीस वर्षं पळवला आणि वाकला नाही. गिअरबॉक्स वेगळा. आबांनी तिच्या पाठीवर थाप मारली.

"ही."

सौदा ठरला, जुनं इंजिन काढून त्याच्या बैठका कापून देण्यासकट. आबांनी बाजूला पडलेला रेड ऑक्साईडच्या लाल रंगाचा डबा उघडला, त्यात बोट बुडवलं आणि बुलेटच्या टाकीवर उभी रेघ ओढली.

"हे काय?" सुषमानं विचारलं.

"खूण. बाजारात जनावर घेतलं की रंगाचं बोट वढायचं, सूनबाई. मग कुठल्याबी कळपात मिसळू दे, आपलं ते आपलं. कुणी बदलत न्हाई, कुणी हात लावत न्हाई."

चांगदेव म्हणाला, "बरं झालं. आमचा सोपानराव खूण बघूनच काम करतो. चला, च्या घेऊ, मग कागद करू." सोपानराव म्हणजे त्याचा वेल्डर, तो तेव्हा आवाराच्या दुसऱ्या टोकाला गॅसकटर पेटवत होता. पुरुषमंडळी चहाला निघाली. साईला भूक लागली होती. चांगदेवच्या बायकोनं, मालनबाईनं, सुषमाला मागच्या घरी चला म्हटलं.

सुषमा दोन पावलं गेली आणि थांबली. गॅसकटरची निळी ज्योत तिला दिसली. साठ मोडक्या गाड्यांच्या ओळीत टोकाला त्यांची चांगली गाडी उभी होती. कुणी चुकून तिला हात लावला तर? साईला उद्या ताप आला तर? दुसरी एखादी बाई म्हणाली असती, अहो, गाडी जरा बाहेर लावा. पण सुषमाला नवऱ्याला हाक मारून सांगायचा संकोच वाटला. तो म्हणाला असता, तुला कशाचीबी भीती वाटती. आणि हाताशी डबा उघडा होता. आपलं ते आपलं. कुणी हात लावत नाही.

तिनं साईला काखेत घेतलं, बोट बुडवलं, आणि माहेरच्या गाडीच्या टाकीवर चांगली ठळक रेघ ओढली. खात्री म्हणून दुसरीही ओढली.

मग ती निश्चिंत मनानं मागच्या घरी गेली. गेल्या दहा महिन्यांत ती इतकी निश्चिंत कधी झाली नव्हती. साई दूध पिऊन झोपला. मालनबाईनं पोहे केले. सुषमानं त्यांना लहान मुलांच्या तापाबद्दल बरीच माहिती दिली.

दीड तासानं सगळे आवारात परत आले, तर सोपानराव घाम पुसत उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर जादा काम केलेल्या माणसाचं समाधान होतं.

"झालं मालक. दोन्ही झाल्या."

"दोन्ही?" चांगदेव म्हणाला.

"लाल खुणंच्या दोन हुत्या. इंजिनं काढली, जुन्या बैठका कापल्या, घासून गुळगुळीत केल्या. हलकी पयली घेतली. हिच्यावर तर दोन रेघा हुत्या, म्हणलं अर्जंट दिसतंय."

रविराज आपल्या गाडीपाशी गेला. गाडीच्या पोटातून पलीकडचा दौंड-पाटस रस्ता स्वच्छ दिसत होता.

"हिच्यावर खूण कुणी केली?" तो म्हणाला.

आबांनी स्वतःच्या बोटाकडं बघितलं. चांगदेवनं सोपानरावाकडं बघितलं. सुषमानं उजवा हात हळूच साईच्या दुपट्याखाली घेतला. पण दुपटं पांढरं होतं, आणि साईच्या नाकावर, गालावर आणि टोपड्यावर लाल बोटं उठलेली होती.

"मी म्हटलं," ती म्हणाली, "कुणी हात लावायला नको."

मग आबा म्हणाले, "पोरीनं रीत बरोबर पाळली. कसायाच्या दारात पाळली, एवढंच."

चांगदेवला हसू आवरेना. रविराजला मात्र रागवावं की खूश व्हावं हेच कळेना, कारण त्याला पहिल्यापासून हीच गाडी कापायची होती आणि आता ती बायकोनं स्वतः कापून दिली होती, तीही गिअरबॉक्सचा प्रश्न सगळ्यांना समजावून सांगितल्यानंतर. ती गाडी आता ना पेट्रोलची राहिली होती ना डिझेलची होणार होती. सगळे वडापच्या जीपनं घरी आले, दोन्ही सांगाडे मागून टेम्पोनं. सुषमा वाटभर साईच्या नाकावरचा रंग पुसत होती.

आता दारात चालू असं काहीच नव्हतं. म्हणून झालं असं, की ज्या डिझेलला तिनं विरोध केला होता त्याच्या मागं तीच हात धुऊन लागली. रविराज शिफ्टवरून आला, की चपला काढायच्या आत ती विचारायची, "आज काय बसवणार?" तो आडवा झाला, की ती पाना आणून त्याच्या छातीवर ठेवायची. चेन लागेना, तेव्हा तिनं चेनच्या चक्रांच्या दातांचा हिशोब वहीत मांडून दिला. त्याच वहीत, पुढच्या पानावर साईचे ताप होते. तीन आठवड्यांत बुलेटच्या हाडांमध्ये पडवीतलं इंजिन जाऊन बसलं, आणि आबांनी नारळ फोडला.

गाडी सुरू झाली तेव्हा शेजारच्या कोंबड्या दोन दिवस अंड्यावर बसल्या नाहीत. पण चालली. खरंच चालली.

आणि पुढच्याच गुरुवारी साईचं अंग तापलं.

सुषमानं हात लावला, वही काढली, वेळ आणि हाताच्या अंदाजानं आकडा लिहिला, आणि "दौंड" एवढंच म्हणाली. रविराजनं किक मारली. ती साईला पोटाशी बांधून मागं बसली. गाडी निघाली आणि सुषमाला कळलं, की हे इंजिन आयुष्यभर नदीकाठी जमिनीला बोल्टनं जखडून का ठेवलेलं होतं. पहिल्या दोन किलोमीटरमध्ये तिची कानातली फिरून मागं गेली. पुढं दात वाजायला लागले. रस्त्याकडेच्या बाभळी एकीच्या दोन दिसायला लागल्या. तिनं ओरडून सांगितलं, "हळू!" पण तो शब्द तिच्या तोंडातून सात-आठ तुकडे होऊन बाहेर पडला आणि रविराजला त्यातला एकही ऐकू आला नाही.

साई मात्र पहिल्या वळणालाच झोपला. दहा महिन्यांत इतका गाढ कधी झोपला नव्हता.

दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला तपासलं, थर्मामीटर लावलं, छाती ऐकली. "ताप नाही," ते म्हणाले. "तब्येत उत्तम आहे याची. झोपू दे." मग त्यांची नजर सुषमाकडं गेली. तिच्या हातातली वही फडफडत होती. खांदे उडत होते. हनुवटी वेगळीच थरथरत होती.

"हे कधीपासून आहे?" डॉक्टरांनी गंभीरपणे विचारलं.

"स-स-सकाळी साडेआठपासून," सुषमा वही बघून म्हणाली. "शं-शंभर पॉइंट दोन होता."

"बाळाचं नाही. तुमचं."

त्यांनी तिला टेबलावर बसवलं, गुडघ्यावर छोटी हातोडी मारून बघितली, डोळ्यांत बॅटरी मारली. मग साईच्या नावाचा कागद फाडून नवा केसपेपर पुढं ओढला.

"नाव?"

"सुषमा रविराज," रविराजनं सांगितलं, कारण तिला अजून सलग बोलता येत नव्हतं.

"वय?"

"पंचवीस."

"तक्रार?"

रविराजनं बायकोकडं एकदा नीट बघितलं.

"तक्रारी लय हायती, डॉक्टर," तो म्हणाला. "आजच्यापुरती थरथर लिवा."