गच्चीवर कुंड्या घेऊन या

"बास झालं! आता बाग बंद," असं म्हणत मोतीरामांनी झारी कोपऱ्यात आदळली. चैत्र अजून सरला नव्हता, तोवर मिरचीवर चुरडामुरडा आला होता. जास्वंदीच्या कळ्यांवर पांढरा मावा चढला होता आणि टोमॅटो तर उभ्या उभ्या वाळला होता.

मोतीरामांचा सगळा जन्म मनमाडला मालगाडीचा गार्ड म्हणून गेला. निवृत्तीनंतर पंचवटीत वरच्या मजल्यावरचं घर घेतलं, ते केवळ घराला लागून असलेल्या गच्चीसाठी.

"मनमाडला पाण्याचा ठणठणाट असायचा, तरी फुलवलीत ना बाग?" त्यांच्या पत्नी साधनाबाई म्हणाल्या.

"तेव्हा मी तरुण होतो."

साधनाबाई पापड वाळत घालायला निघून गेल्या. मोतीरामांनी फोन तोंडाशी धरला आणि इमारतीच्या ग्रुपसाठी खणखणीत आवाजात सांगितलं, "गच्चीवरच्या कुंड्या घेऊन जा. उद्या सकाळी." बोललेलं टाइप करताना फोनने 'गच्चीवरच्या'चं 'गच्चीवर' केलं आणि 'जा'चं 'या'. चष्मा घरात होता. निरोप तसाच गेला.

सकाळी दार वाजलं. दुसऱ्या मजल्यावरची शुभांगी दोन्ही काखांत कुंड्या घेऊन उभी होती.

"काका, देवासारखे धावलात! आम्ही आजच गावाला चाललोय. झाडांचं काय करायचं, याच विचारात होते. तुळशीला रोज दिवा लावाल ना?"

मोतीरामांनी तोंड उघडलं, पण तोवर मागून साधनाबाईंनी शब्द देऊन टाकला, "लावतील की!"

मग जिन्यात रांगच लागली. सुट्टीला गावी जाणारा प्रत्येक जण आपली हिरवी पोरंबाळं घेऊन वर येत होता. शेवटी तळमजल्यावरच्या गोजराबाई गोडेतेलाच्या पत्र्याच्या डब्यात एक मरतुकडा मोगरा घेऊन धापा टाकत आल्या.

"मोतीरामभाऊ, पिंपळगावला लेकीकडं चाललेय. लय नाजूक हाय बरं का. जीव लावा."

आता परक्याची झाडं मारायची म्हणजे पाप. मोतीराम पाणी घालू लागले. इतक्या कुंड्यांना घालायचं तर आपल्याच तेवढ्या कशा वगळायच्या? चार दिवसांत इमारतीची टाकी भर दुपारी कोरडी पडली. सोसायटीचा चेअरमन हर्षल अंगभर साबण घेऊन, टॉवेल गुंडाळून वर आला.

"काका, माणसांनी अंघोळ करायची की झाडांनी?"

मोतीराम वरमले. पण संध्याकाळी त्यांना आपोआप मनमाड आठवलं. तांदूळ धुतलेलं पाणी, भाज्या धुतलेलं पाणी, काही म्हणून तिथं वाया जात नसे. त्यांनी प्रत्येक मजल्यावर एक बादली ठेवली. सकाळी त्या वर आणायच्या, कुंड्यांत वाळलेला पाला पसरायचा, गच्चीवर जुन्या साडीची सावली धरायची. कंबर दुखू लागली, पण झोप छान लागू लागली.

आणि एका संध्याकाळी मोगरा फुलला.

मोतीराम जागच्या जागी उभे राहिले. मनमाडला रेल्वेच्या क्वार्टरमागे मोरीचं पाणी पडायचं तिथं त्यांनी असाच मोगरा लावला होता. रात्रभर मालगाडीवर ड्युटी करून पहाटे घरी यावं, तर दाराआधी तो वास भेटायचा. नवी नवरी साधना दार उघडायची आणि तिच्या ओंजळीत कळ्या असायच्या.

"काय हो, रडताय की काय?" साधनाबाईंनी विचारलं.

"मावा मारायचं औषध डोळ्यात गेलं," ते म्हणाले. औषध त्या दिवशी फवारलंच नव्हतं.

मे सरता सरता लोक परतले आणि कुंड्या उतरू लागल्या. मोतीराम प्रत्येकाला म्हणायचे, "इतक्या उन्हात हलवू नका, अजून आठ दिवस राहू द्या." कुणी ऐकलं नाही. मग एके सकाळी जिन्यात गोजराबाईंचा आवाज आला. मोतीरामांनी मोगऱ्याचा डबा उचलला आणि थेट न्हाणीघरात नेऊन ठेवला.

"बसा," ते घाईघाईनं म्हणाले. "मोगरा ना? त्याचं असं झालं... ऊन फार होतं."

गोजराबाईंनी नाक वर करून वास घेतला. "आन् न्हाणीघरात काय, मोगऱ्याचा साबण ठेवलाय का?"

साधनाबाई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळाल्या. मोतीराम खाली मान घालून डबा घेऊन आले. झाड कळ्यांनी लगडलं होतं.

"न्या," ते पुटपुटले. "तुमचाच आहे."

"न्यायला कोण आलंय?" गोजराबाईंनी पिशवीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेलं एक रोप काढलं. "खाली माझ्याकडं ऊनच येत नाय. लेकीच्या दारची जुई आणलीय. म्हटलं, हिलाबी इथंच ठेवावी. जागा हाय का?"

"बघावं लागेल," मोतीराम गंभीरपणे म्हणाले आणि चप्पल न घालताच तापलेल्या गच्चीवर धावले.